काळ्या अक्षरांचा अबोल कारागीर : ऑस्वाल्ड कूपर

चित्राखाली चित्रकाराची सही असते. कवितेखाली कवीचे नाव असते. पुतळ्याच्या चौथऱ्यावरसुद्धा शोधले तर शिल्पकाराचे नाव सापडते. परंतु ही सारी नावे ज्या अक्षरांत छापली जातात, त्या अक्षरांचे वळण कोणी घडविले, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. अक्षर म्हणजे हवापाण्यासारखी आयती मिळालेली वस्तू, असेच आपण धरून चालतो. वास्तविक छापील अक्षराच्या प्रत्येक वळणामागे कोणी ना कोणी माणूस बसलेला असतो. त्याने ते अक्षर दहादा काढलेले असते, दहादा खोडलेले असते, आणि मग ते आपल्यापर्यंत पोहोचलेले असते.

इंग्रजीतले एक जाडजूड, गोलसर, गुबगुबीत अक्षर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. विमानाच्या अंगावर, गाण्यांच्या तबकडीच्या वेष्टनावर, दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांच्या नावांत, तरुण मुलांच्या बनियनांवर, मिठाईच्या पुड्यांवर ते दिसते. त्याला कोठेही टोक नाही, कोपरा नाही. जणू नुकतेच तेलात फुगून वर आलेले वडे ओळीने मांडून ठेवावेत, तसे ते दिसते. या मुद्राक्षराचे नाव ‘कूपर ब्लॅक’. संगणकावर अक्षरांची यादी उघडली, तर तेथेही हे नाव बऱ्याचदा आढळते. ‘ब्लॅक’ म्हणजे काळे, इतके आपल्याला कळते. पण ‘कूपर’ हे एका माणसाचे आडनाव आहे, हे सहसा लक्षात येत नाही. त्या माणसाची ही ओळख.

ऑस्वाल्ड ब्रूस कूपर याचा जन्म अमेरिकेतील ओहायो राज्यात माउंट गिलियड या लहानशा गावी १३ एप्रिल १८७९ रोजी झाला. त्याचे लहानपण मात्र गेले ते कॅन्सस राज्यातील कॉफीव्हिल या गावी. शाळेत त्याचे मन फार काळ रमले नाही. वयाच्या सतराव्या वर्षी शाळा सोडून तो एका छापखान्यात उमेदवारीला लागला. त्या काळच्या छापखान्यातला उमेदवार म्हणजे सर्वांच्या हाताखालचा पोऱ्या. जमीन झाडायची, शाईने बरबटलेले खिळे धुवायचे, वापरून झालेले खिळे केसच्या ज्या त्या घरात परत टाकायचे, आणि हे करता करता जुळाऱ्याच्या हाताकडे पाहून धंदा शिकायचा. ही शाळा कडक असते. शिशाचा खिळा बोटांत धरून, उलटे अक्षर वाचून ज्याने ओळी जुळविल्या आहेत, त्याला अक्षराचे वजन नुसत्या डोळ्यांनी नव्हे, तर हातानेही कळते. कूपरच्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया येथे घातला गेला.

पण त्याची महत्त्वाकांक्षा वेगळी होती. त्याला चित्रकार व्हायचे होते. पुस्तकांना आणि मासिकांना सजविणारी चित्रे काढावीत, या ओढीने तो शिकागोला आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे शिकागो म्हणजे अमेरिकेतले दुसऱ्या क्रमांकाचे शहर. रेल्वेचे जाळे तेथे येऊन मिळत होते, टपालाने माल विकणाऱ्या मोठमोठ्या पेढ्या तेथे होत्या, आणि त्यांच्या जाडजूड माल-याद्या छापण्यासाठी तेथील छापखाने रात्रंदिवस चालत होते. जिथे माल विकायचा तिथे जाहिरात आली, आणि जिथे जाहिरात आली तिथे चित्र आणि अक्षर या दोहोंना मागणी आली. फ्रँक होम नावाच्या एका वृत्तपत्रीय चित्रकाराने १८९८ साली तेथे चित्रकलेची एक शाळा काढली होती. कूपरने तिच्यात नाव घातले.

या शाळेत त्याच्या आयुष्याला वळण मिळाले. मात्र ते त्याने योजिलेले वळण नव्हते. चित्रकार म्हणून आपली मजल फार दूर जाणार नाही, हे त्याचे त्यालाच लवकर उमगले. असा क्षण कलेच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला कधी ना कधी येतो. कित्येक जण त्या वेळी कुंचला खाली ठेवून दुसरा धंदा पाहतात, तर कित्येक जण खोट्या आशेवर आयुष्य काढतात. कूपरच्या सुदैवाने त्या शाळेत अक्षरलेखन शिकविणारा शिक्षक होता फ्रेडरिक गाउडी. हा गाउडी तेव्हा पस्तिशीच्या आसपासचा होता. पूर्वी हिशेबनीस म्हणून त्याने दिवस काढले होते. पुढे शंभरावर मुद्राक्षरे घडवून तो अमेरिकेतील या क्षेत्राचा पितामह गणला गेला. त्याच्या हाताखाली कूपरला अक्षराची गोडी लागली. त्याच सुमारास तेथे विल्यम ड्विगिन्झ नावाचा आणखी एक ओहायोचाच मुलगा शिकत होता. तोही पुढे नामवंत ग्रंथशिल्पी आणि अक्षरकार झाला. एका छोट्या शाळेतून असे शिष्य निघावेत, यातच त्या गुरूची थोरवी दिसून येते.

शिकता शिकता कूपर शिकवूही लागला. होमच्या शाळेचे टपालाने शिकविण्याचे वर्ग होते. दूरदूरच्या खेड्यांतील मुले पैसे भरत, धडे घरपोच येत, आणि मुलांनी काढून पाठविलेली अक्षरे तपासून परत जात. अक्षररचनेच्या या टपाली वर्गाचे काम कूपरकडे आले. परंतु होमला क्षयाची व्यथा जडली, पैशांची तंगी झाली, आणि थोड्याच वर्षांत शाळा बंद पडली. १९०४ साली होम वारला. ज्या मुलांनी आधीच पैसे भरले होते, त्यांचे काय? कायद्याने पाहता कूपरवर त्यांची कसलीच जबाबदारी नव्हती. शाळा त्याची नव्हती, आणि पैसेही त्याच्या हाती आलेले नव्हते. तरीही ज्यांचे धडे अपुरे राहिले होते, त्यांना पुढे शिकविण्याचे काम त्याने आपल्या शिरावर घेतले. पंचविशीच्या आतबाहेरचा, स्वतःचा जम अजून न बसलेला हा तरुण अनोळखी मुलांचे कागद तपासत बसला. कूपर कसा होता, हे सांगायला त्याच्या आयुष्यातली एवढी एकच गोष्ट पुरेशी आहे.

१९०४ सालीच त्याने फ्रेड बर्ट्श या गृहस्थाबरोबर भागीदारी केली आणि ‘बर्ट्श अँड कूपर’ ही संस्था उभी राहिली. दोघांची जोडी मोठी विलक्षण होती. बर्ट्श बोलका, माणसे जोडणारा, गिऱ्हाईक मिळविण्यात तरबेज. तर कूपर लाजाळू, मितभाषी, आपल्या टेबलापाशी मान खाली घालून बसणारा. एकाने काम आणायचे आणि दुसऱ्याने ते करायचे, असा हा संसार वीस वर्षे चालला. पॅकार्ड मोटार कंपनीसारख्या बड्या गिऱ्हाइकांच्या जाहिरातींची अक्षरे कूपरच्या हातून उतरू लागली. नुसती अक्षरेच काढून तो थांबत नसे. जाहिरातीचा मजकूर लिहायचा, त्याची मांडणी करायची, कोठे किती जागा मोकळी सोडायची ते ठरवायचे, हे सारे तो करी. त्याच्या लिहिण्यात एक मिस्कीलपणा होता. १९१४ साली संस्थेने स्वतःचे खिळे आणि जुळारी ठेवून जुळणीचे कामही हाती घेतले, आणि मजकुरापासून जुळणीपर्यंत सर्व कामे एका छपराखाली होऊ लागली.

त्या काळी जाहिरातीची मुख्य अक्षरे हाताने का काढीत, हे थोडे समजून घेतले पाहिजे. खिळे ओतणाऱ्या कारखान्यांत ठराविक वळणांचे आणि ठराविक मापांचे खिळे मिळत. तेच खिळे गावातल्या प्रत्येक छापखान्यात असत. आपली जाहिरात इतरांहून वेगळी दिसावी असे ज्याला वाटे, तो अक्षरकाराकडे जाई. अक्षरकार जागेच्या मापाने अक्षर आखडते किंवा सैल करी, दोन अक्षरांमधली फट डोळ्याने जुळवी, आणि मग त्याचा ठसा तयार होई. कूपरच्या हातच्या अक्षराला एक खास लकब होती. त्याच्या रेघांची टोके बोथट आणि गोलसर असत. ती धारदार नसत, पण ढिलीही नसत. पाहणाऱ्याला ती आपुलकीची वाटत.

या लकबीची ख्याती झाली आणि तिच्याबरोबर एक नवी अडचणही आली. पॅकार्डच्या जाहिरातींसाठी कूपरने काढलेल्या अक्षरांवरून ‘अमेरिकन टाइप फाउंडर्स’ या देशातील सर्वांत मोठ्या कारखान्याने १९१३ साली खिळे ओतले आणि त्यांना ‘पॅकार्ड’ असेच नाव दिले. त्यासाठी कूपरला आधी विचारलेले नव्हते. त्या कारखान्याचा प्रमुख अक्षरकार मॉरिस फुलर बेंटन हा सरळ मनाचा माणूस होता. अक्षर मूळ कोणाचे हे कळल्यावर कूपरला मोबदला मिळाला आणि त्याचे श्रेयही मान्य झाले. प्रकरण गोडीने मिटले खरे, पण आपल्या हातचे अक्षर दुसरा कोणी उचलू शकतो, ही जाणीव कूपरच्या मनात कायमची राहिली.

शिकागोतच ‘बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर’ हा खिळ्यांचा मोठा कारखाना होता. त्याच्या जाहिरात विभागाचा प्रमुख रिचर्ड मॅकार्थर हा कूपरच्या अक्षरांचा चाहता होता. त्याने कूपरच्या मागे लागून एक संपूर्ण अक्षरमाला त्याच्याकडून करवून घेतली. १९१९ साली ‘कूपर ओल्ड स्टाइल’ या नावाने ती बाजारात आली. पुस्तकाचा मजकूरही सुखाने वाचता यावा असे हे अक्षर होते, आणि गोल टोकांची ती जुनी लकब त्यातही होती. कारखान्याला मात्र त्याहून जाड काहीतरी हवे होते. वृत्तपत्रांची पाने जाहिरातींनी भरून गेली होती, आणि शेजारच्या जाहिरातीवर मात करील असे काळेभोर अक्षर व्यापाऱ्यांना पाहिजे होते. कूपरने तेच अक्षर हाती घेऊन त्याचे अंग भरायला सुरुवात केली. यातून १९२२ साली ‘कूपर ब्लॅक’ जन्माला आले.

एखादे अक्षर जाड करणे म्हणजे त्याच्या रेघेला दोन्ही बाजूंनी शाई फासणे, असे कोणाला वाटेल. तसे केले तर अक्षराचे पोट बुजते आणि ‘ए’, ‘ई’ यांसारखी लहान अक्षरे काळ्या गोळ्यांसारखी दिसू लागतात. काळा भाग वाढवायचा, पण आतली पांढरी खिडकी बंद होऊ द्यायची नाही, हे या कामातले खरे कसब आहे. कूपरने लहान लिपीतील अक्षरांची अंगे मोठी घेतली आणि त्यांचे वर जाणारे दांडे व खाली जाणाऱ्या शेपट्या आखूड केल्या. त्यामुळे आहे त्या जागेत अक्षर मोठे दिसू लागले आणि ओळी एकमेकींच्या जवळ बसविता आल्या. दांड्यांच्या टोकांना इंग्रजी अक्षरांत जे आडवे पाय असतात, ज्यांना सेरिफ म्हणतात, त्यांचे तळ त्याने सपाट ठेवले नाहीत. ते त्याने फुगीर केले. अशा गोल बुडाच्या अक्षरांना ओळीवर नीट बसलेले दाखवायचे, तर ती ओळीच्या किंचित खाली उतरवावी लागतात. नाहीतर ती तरंगल्यासारखी दिसतात. फूटपट्टी एक सांगते आणि डोळा दुसरेच सांगतो. अक्षरकाराला अशा वेळी डोळ्याचे ऐकावे लागते.

या अक्षरातील ‘ओ’ नीट पाहावा. त्याची आतली खिडकी सरळ उभी नाही. आरामखुर्चीत मागे रेलून बसलेल्या माणसासारखी ती डावीकडे कललेली आहे. हा कल आला तो लेखणीतून. आपल्याकडे बोरूने कित्ता गिरविलेल्यांना हे लगेच समजेल. बोरूचे टोक तिरपे कापलेले असते, म्हणून एका दिशेला रेघ जाड उतरते आणि दुसऱ्या दिशेला बारीक. फरक एवढाच की, देवनागरीच्या बोरूचा काप आणि लॅटिन लिपीच्या टाकाचा काप परस्परविरुद्ध दिशांना असतात. म्हणून आपल्या अक्षरांतला जाडपणा एका अंगाला जातो आणि त्यांच्यातला दुसऱ्या अंगाला. कूपर ब्लॅक हे वरवर पाहता बाजारी, दांडगे अक्षर. पण त्याच्या पोटात शेकडो वर्षांची लेखणीची परंपरा आहे. केवळ जाडी आणि गोलाई एवढ्यावर ते टिकले नसते. गाउडीच्या वर्गात गिरविलेले जुने वळण त्याला आतून सांभाळून आहे.

कागदावरचे हे रेखाटन खिळ्यात कसे उतरे, तेही पाहण्यासारखे आहे. अक्षरकाराच्या मोठ्या आकाराच्या रेखाटनावरून प्रथम नमुना बनविला जाई. मग पँटोग्राफच्या यंत्राने त्या नमुन्याची कड गिरवीत गेले की, यंत्राचे दुसरे टोक तोच आकार लहान करून धातूत कोरी. त्यातून मातृका, म्हणजे साचा, तयार होई. साच्यात शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतला की खिळा पडे. प्रत्येक मापासाठी वेगळी मातृका आणि प्रत्येक मापाचे वेगळे खिळे लागत. लहान मापात पोटाची खिडकी शाईने भरून जाण्याचा धोका अधिक, म्हणून तेथे नजर जास्तच बारीक ठेवावी लागे. आणखी एक गुण या अक्षराच्या कामी आला. वृत्तपत्राच्या हलक्या कागदावर शाई पसरते आणि धारदार अक्षराचे कोपरे तिने बोथट होतात. या अक्षराला कोपरेच नव्हते, तेव्हा बिघडणार काय? वाईट कागद, झिजलेले यंत्र, घाईची छपाई, या सर्वांतून ते साजरेच उतरे.

कूपर ब्लॅक बाजारात आले आणि त्याला बेसुमार मागणी आली. दूरदृष्टीच्या मुद्रकांनी आपल्या अधू दृष्टीच्या गिऱ्हाइकांसाठी घ्यावे असे हे अक्षर आहे, असा विनोद त्याच्या जाहिरातीत केलेला होता. किराणा मालापासून मोटारगाड्यांपर्यंत ते सर्वत्र दिसू लागले. दुसरीकडे जुन्या वळणाचे मुद्रक चिडले. छपाईची शालीनता या अक्षराने घालविली, पानाला काळोखी आणली, असे त्यांचे म्हणणे पडले आणि कोणी कोणी तर त्याला काळे संकटच ठरविले. त्यांचा राग अगदीच अनाठायी होता असेही नाही. प्रत्येक जाहिरात मोठ्याने ओरडू लागली की कोणाचेच ऐकू येत नाही. पण दोष द्यायचा तर तो ओरडायला लावणाऱ्या बाजाराला द्यायला हवा होता. कूपरने त्या ओरडण्यातही जमेल तेवढा गोडवा ठेवला होता. गंमत अशी की, ज्याचा स्वतःचा आवाज कधी चढत नसे, अशा माणसाच्या नावाने त्या काळचे सर्वांत मोठ्याने बोलणारे अक्षर ओळखले जाऊ लागले.

यश आले की नक्कल येते. कूपर ब्लॅकसारखी दिसणारी जाड, गोल अक्षरे दुसऱ्या कंपन्यांनी भराभर काढली. लडलो कंपनीचे असेच एक काळे अक्षर १९२४ साली निघाले. १९२५ साली मोनोटाइप कंपनीने कूपर ब्लॅकच्या तोडीचे अक्षर आपल्यालाही हवे म्हणून ज्याला गळ घातली, तो होता कूपरचा गुरू फ्रेडरिक गाउडी. ‘गाउडी हेवीफेस’ हे अक्षर त्यातून निघाले. शिष्याच्या कामाशी टक्कर देण्यासाठी गुरूला टेबलापाशी बसविले गेले, यापेक्षा शिष्याचा मोठा गौरव तो कोणता! पण व्यवहारात गौरवाने पोट भरत नाही. मुद्राक्षराच्या आकारावरचा हक्क ही अमेरिकेत नेहमीच अडचणीची गोष्ट राहिली. नव्या अक्षराच्या नमुन्याचे पेटंट घेता येई, पण थोडा फरक करून नक्कल करणाऱ्याला त्याने अडविणे कठीण होते. ग्रंथाला किंवा गाण्याला जसा स्वामित्वहक्क मिळतो, तसा अक्षराच्या वळणाला तेथील कायदा देत नाही. १९७८ साली तेथील एका वरिष्ठ न्यायालयानेही हेच कायम केले.

कूपरला ही नक्कल मनापासून खुपे. त्याच्या रागाचे कारण केवळ पैशाचे नव्हते. दुसऱ्याच्या अक्षराची नक्कल करणारा माणूस आपल्या हातात काय आहे हे कधी शोधीतच नाही, असे त्याला वाटे. जुन्यांचा अभ्यास करावा, त्यांचे वळण हाताखालून घालवावे, पण काम करताना आपले म्हणून काही करावे, अशी त्याची निष्ठा होती. तो स्वतः तसाच वागला. कूपर ब्लॅकच्या यशानंतर तीच जाडी आणि तीच गोलाई तो पुन्हा पुन्हा विकू शकला असता. कारखान्याच्या मागणीप्रमाणे तिरपे, अरुंद, आणि अंगावर पांढरी चमक दाखविणारे असे प्रकार त्याने १९२४ ते १९२६ च्या दरम्यान काढले खरे. पण १९२९ च्या सुमारास ‘कूपर फुलफेस’ हे जे अक्षर त्याने दिले, त्याची प्रकृती निराळी होती. जाड आणि बारीक रेघांचा तीव्र विरोध दाखविणाऱ्या घाटाशी आपल्या गोलाईचा मेळ घालण्याचा तो प्रयत्न होता.

परंतु दिवस पालटत होते. १९२४ साली बर्ट्श निवृत्त झाला आणि बोलका भागीदार गेल्यामुळे संस्थेचा भार अबोल कूपरवर पडला. १९२९ साली अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला आणि मंदी आली. मंदीत पहिली कुऱ्हाड पडते ती जाहिरातीवर. १९३३ साली बार्नहार्टचा कारखाना बंद झाला आणि कूपरची अक्षरे त्याच्या मालक कंपनीकडे, म्हणजे ‘अमेरिकन टाइप फाउंडर्स’कडे गेली. तिकडे युरोपात भूमितीच्या आकारांतून घडविलेली, सेरिफ नसलेली अक्षरे पुढे आली होती. पाउल रेनरचे ‘फ्यूचुरा’ १९२७ साली निघाले होते, आणि नव्या पिढीला त्याचा सडपातळ, रेखीव घाट आधुनिक वाटू लागला होता. कूपर ब्लॅक जुन्या बाजारपेठेतले अक्षर ठरू लागले. कूपर आपल्या टेबलापाशी काम करीत राहिला. १७ डिसेंबर १९४० रोजी शिकागोत कर्करोगाने त्याचा अंत झाला. त्या वेळी तो एकसष्ट वर्षांचा होता. शिकागोच्या मुद्रणकलावंतांच्या संस्थेने १९४९ साली त्याच्या कामाचे एक पुस्तक काढले, आणि ‘ऑझ’ या त्याच्या लाडक्या नावाने ते प्रसिद्ध केले. सहव्यावसायिकांना तो किती प्रिय होता, हे त्यावरून दिसते.

माणूस गेला, पण अक्षराची गोष्ट येथे संपत नाही. १९६० नंतर छपाईचे तंत्र बदलले. शिशाच्या खिळ्याऐवजी छायाचित्राच्या फिल्मवरून अक्षरे जुळविता येऊ लागली, आणि कागदावर घासून उमटविण्याची लेट्रासेटची अक्षरे चित्रकारांच्या टेबलांवर आली. शिशाच्या खिळ्याला स्वतःचे अंग असते. दोन खिळे एका मर्यादेपलीकडे जवळ येत नाहीत. फिल्मवर ही अट राहिली नाही. कूपर ब्लॅकची गोल अक्षरे एकमेकांना अगदी खेटून बसविता येऊ लागली, आणि तशी बसविल्यावर ती अधिकच खुलली. १९६६ साली ‘बीच बॉइज’ या गायकवृंदाच्या ‘पेट साउंड्स’ या तबकडीच्या वेष्टनावर ती झळकली आणि तरुणांना एकदम आवडली. इंग्लंडमध्ये १९६८ साली सुरू झालेल्या ‘डॅड्ज आर्मी’ या विनोदी मालिकेच्या नावात ती आली. १९७० च्या दशकात इस्त्री फिरवून कापडावर चिकटविण्याची अक्षरे निघाली, आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरची मुले आपापली नावे या अक्षरांत सदऱ्यांवर मिरवू लागली. १९९५ साली निघालेल्या ‘ईझीजेट’ या स्वस्त विमान कंपनीने नारिंगी रंगाबरोबर याच अक्षराला आपली ओळख बनविले.

हे असे का झाले असावे? एक कारण तांत्रिक आहे. ज्याला टोके नाहीत ते अक्षर कोणत्याही साधनातून सुखरूप बाहेर पडते. कापडावर, प्लास्टिकच्या पाटीवर, दूरचित्रवाणीच्या धुरकट पडद्यावर धारदार अक्षरांचे हाल होतात. गोल अक्षर आपला आकार सांभाळून असते. दुसरे कारण मनाचे आहे. हे अक्षर मोठे असूनही दरडावीत नाही. जाड माणसे स्वभावाने आनंदी असतात अशी एक भोळी समजूत आहे, तिचा फायदा या अक्षराला मिळतो. म्हणून गंभीर राजपत्र कोणी त्यात छापीत नाही; पण जेथे हसायचे, खायचे, गायचे किंवा खेळायचे आहे, तेथे ते चटकन आठवते. शेजारच्या जाहिरातीवर मात करायला काढलेले अक्षर पन्नास वर्षांनी घरच्या माणसासारखे वाटू लागावे, हे कूपरच्या स्वप्नातही आले नसेल.

कूपरच्या चरित्रात विस्मयकारक प्रसंग नाहीत. त्याने मोठी लढाई जिंकली नाही की मोठा त्याग करून दाखविला नाही. छापखान्यातला एक पोऱ्या चित्रकार व्हायला निघाला, ते जमले नाही, आणि जे जमले ते त्याने मन लावून केले, इतकीच ही कथा. पण तिच्यात आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी घेण्यासारखे बरेच आहे. ज्या दिशेला जायचे म्हणून आपण घरून निघतो, ती वाट बंद झाली तर बाजूची पायवाट तितक्याच आदराने पाहावी, हे त्याच्याकडून शिकता येते. दुसऱ्याच्या भरलेल्या फीची जबाबदारी आपली नसतानाही आपली मानावी, हेही शिकता येते. आणि आजच्या काळात एक गोष्ट अधिक निकडीची झाली आहे. कोणतेही अक्षर, कोणतेही चित्र आता क्षणात उतरवून घेता येते. उतरवून घेणे सोपे झाले म्हणून ते कोणाचेही राहिले नाही, असे होत नाही.

संगणकावरच्या अक्षरांच्या यादीत शेकडो नावे असतात. त्यांतली कित्येक माणसांची नावे आहेत: गाउडीचे आहे, कूपरचे आहे. आपल्या देवनागरी अक्षरांमागेही अशीच माणसे आहेत, आणि त्यांतली फारच थोडी नावे आपल्याला ठाऊक आहेत. स्नेहसंमेलनाची पुढची पाटी रंगविताना किंवा भित्तिपत्रिकेचे शीर्षक जुळविताना एखादे अक्षर आपण निवडू, तेव्हा ते कोणाच्या हातचे आहे एवढे विचारावे. उत्तर शोधायला पाच मिनिटे लागतील. शिकागोतल्या त्या लाजाळू माणसाला यापेक्षा अधिक मानवंदना बहुधा आवडलीही नसती.